दाजींचा कळशीचा सवाल

चुकीच्या उत्तरांवर इतका जीव लावणारा माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा झालेला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. बाकीचे मास्तर पेपर तपासताना बरोबर उत्तर दिसलं की सुखावतात. आमचे दाजी बरोबर उत्तरापाशी फार रेंगाळत नसत. चूक दिसली की मात्र चष्मा काढून पुसायचे, पुन्हा लावायचे आणि जुना मित्र भेटल्यासारखे त्या ओळीकडे बघत बसायचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मिस्टर. मूळचे पिंगळीचे, घर परभणीत, आणि सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात गेलेली. शेवटची बरीच वर्षं ते माझ्याच केंद्रात होते. मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या भेटी, बैठका, निकालांचे तक्ते हे सगळं माझ्याकडे. चौकटी आखायच्या आणि त्या वेळेवर भरायच्या, हे माझं काम आणि खरं सांगायचं तर माझा स्वभावही. दाजींच्या हातात कोरी चौकट दिली की ते आधी विचारत, ही चौकट इथं कशाला आहे? अशा दोन माणसांचं पटायला नको होतं, पण पटलं.

पेपर तपासायची त्यांची पद्धत सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध होती. ते गुणांप्रमाणे गठ्ठे लावत नसत, चुकांप्रमाणे लावत. एप्रिलमध्ये गच्चीवर एका बाजेवर अक्काच्या कुरडया वाळत असायच्या आणि दुसऱ्या बाजेवर दाजींचे चार ढीग: ज्यांनी ‘अ’ पर्याय निवडला ते एकीकडे, ‘ब’वाले दुसरीकडे, असे ‘ड’पर्यंत. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येक ढिगावर कुकरचं झाकण, वरवंटा, जे सापडेल ते. खालून अक्का ओरडायची, “अहो, वरवंटा कुठंय?” वरून उत्तर यायचं, “‘ब’वर हाय. ‘ब’ला आज लय गर्दी झालीय.” मग थोड्या वेळानं खिन्न आवाजात, “‘ड’कडं मात्र कुणी फिरकंना गं. बिचारा उगाच उभा हाय.” जो चुकीचा पर्याय एकाही मुलाला खरा वाटत नाही तो प्रश्नात ठेवून उपयोग काय, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या वर्षी ‘ड’ला ते रजा द्यायचे आणि त्याच्या जागी मुलांच्या तोंडून ऐकलेलं एखादं खरंखुरं चुकीचं उत्तर आणून बसवायचे. चूक कशी असावी याबद्दल इतकी काळजी घेणारा माणूस घरी असला की बायकोचं काय होतं ते अक्काला विचारावं.

कारण दाजी घरीसुद्धा ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणत नसत. वर्गात मुलानं उत्तर दिलं की ते फक्त “हं, आणि?” म्हणायचे, म्हणजे मूल आणखी बोलतं. ही सवय दाराच्या बाहेर चपलांबरोबर काढून ठेवता येत नाही. अक्का विचारायची, “भाजीत मीठ बरोबर झालंय का?” दाजी म्हणायचे, “तुला काय वाटतं?” “मी अजून चाखली न्हाई.” “मग न चाखता तुला शंका कशावरून आली?” एकदा अक्कानं वाटी त्यांच्या पुढ्यातून उचलून घेतली आणि म्हणाली, “हो का न्हाई, एवढंच सांगा. मी काय सातवीत न्हाई.” दाजींनी दोन घास कोरडी भाकरी खाल्ली आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाले, “कमी हाय.”

दवाखान्यातही तेच. एकदा त्यांच्या कमरेत उसण भरली. भिंतीला धरून धरून आम्ही त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, नव्या पद्धतीचे. त्यांनी विचारलं, “काका, दहापैकी किती दुखतंय?” दाजी वाकलेले होते तसेच मान वर करून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, हा सवाल तुमी बाळंतिणीला पण विचारता आणि मला पण. तिचे सात आणि माझे सात एकच कसे धरता?” डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. अक्का म्हणाली, “तुमी इंजेक्शन द्या, आकडा मी सांगते.”

माझ्या भाचीच्या, म्हणजे दाजींच्या लेकीच्या, लग्नाच्या फोटोंत दाजींचा चेहरा कुठेच सापडत नाही. विहारात वंदना झाली, मंगल परिणय झाला, सगळे फोटोसाठी उभे राहिले, आणि फोटोग्राफरच्या दिव्यानं भिंतीवर पडलेली एका चिमुरडीची सावली दाजींना दिसली. झालं. खाली बसून त्यांनी तिला विचारलं, अंधारात सावली असते का? ती म्हणाली, “असती की, पण निजलेली असती.” प्रत्येक फोटोत वधूवरांच्या शेजारी दाजींच्या जागी त्यांची वाकलेली पाठ आहे. व्याही नाराज झाले. दाजी मात्र आठवडाभर भेटेल त्याला “निजलेली असती” हे उत्तर सांगत होते, आणि ते उत्तर किती बरोबर आणि किती चूक यावर एकट्यानंच वाद घालत होते.

आता कळशीकडे वळते, कारण दाजींची खरी ओळख तिथंच पटते. सातवीच्या मुलांना विज्ञान किती समजलं हे बघायला दाजी दरवर्षी आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांसाठी एक लहानशी चाचणी तयार करत. ती सरकारी नव्हती, त्यांच्या हौसेची होती, पण चांगली होती म्हणून मी ती कायम केली. त्यातले बरेच प्रश्न दरवर्षी बदलत आणि थोडे तसेच राहत. “पट्टी दरवर्षी बदलली तर पोरगं वाढलं का पट्टी आखडली, कसं कळणार?” असं ते म्हणत. या न बदलणाऱ्या प्रश्नांत त्यांचा सगळ्यात लाडका होता कळशीचा सवाल. प्रश्न असा: थंड पाण्यानं भरलेल्या भांड्याच्या बाहेरच्या बाजूला थेंब दिसतात, ते कुठून आले? शेजारी दाजींनी स्वतःच्या हातानं काढलेलं कळशीचं चित्र, त्यावर टपोरे थेंब. बरोबर उत्तर, हवेतल्या वाफेचं पाणी झालं. आणि मुलांना भुलवणारं उत्तर ‘ब’, म्हणजे पाणी भांड्यातून पाझरलं.

पहिल्या वर्षी निम्म्याहून जास्त मुलं ‘ब’मध्ये पडली. पुढच्या वर्षी थोडी कमी, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी. दाजींनी बरोबर उत्तरांचा आलेख काढला आणि दरवर्षी त्यात एक ठिपका वाढवत गेले. रेघ न थांबता वर चढत होती. त्यांनी शिक्षकांना वाफेचे प्रयोग शिकवले होते, शाळाशाळांतून बर्फ घेऊन हिंडले होते, त्याचं फळ त्या रेघेत दिसत होतं. आमच्या विस्तार अधिकाऱ्यांना, म्हणजे माझ्या वरच्या साहेबांना, ती रेघ इतकी आवडली की त्यांनी तिची मोठी प्रत करून कार्यालयात लावली. दाजींच्या निवृत्तीला एक वर्ष राहिलं तेव्हा असं ठरलं की निरोपाच्या कार्यक्रमाला जिल्ह्याचे अधिकारी येतील आणि या आलेखावर दाजींचं भाषण होईल. आयुष्यभर कुणी विचारलं नाही अशा माणसाला अखेरीस कुणीतरी विचारत होतं. दाजी वरवर काही दाखवत नव्हते, पण अक्कानं मला फोनवर सांगितलं, “नवा सदरा शिवायला टाकलाय त्यांनी. स्वतःहून.”

त्या वर्षीच्या चाचणीत नदीच्या पलीकडची एक वस्तीवरची शाळा सगळ्यात खाली आली. मेंढ्या पाळणाऱ्या, मजुरीला जाणाऱ्या घरांची मुलं. शिकवायला वैशालीबाई, वयानं लहान, नोकरी अजून कायम व्हायची होती. कळशीच्या सवालाला त्यांच्या वर्गातलं जवळपास सगळी पोरं ‘ब’मध्ये. साहेबांनी तक्ता बघितला आणि मला सांगितलं, “या शाळेत विज्ञान शिकवलंच जात नाही असं दिसतंय. बाईंना नोटीस काढा. पुढच्या शिक्षण परिषदेत सगळ्यांसमोर खुलासा घेऊ.” असा कागद त्या वेळी फायलीत लागला असता तर बाईंचं कायम होणं अडकलं असतं. मी नोटिशीचा मसुदा तयार केला. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, तक्ता समोर होता.

रविवारी अक्काकडे गेले तर दाजी गच्चीवर ढिगांत बसलेले. वैशालीबाईंच्या शाळेचे पेपर हातात घेऊन म्हणाले, “मेव्हणीबाई, ही गर्दी वेगळी हाय.”

“वेगळी म्हणजे?”

“नेहमी ‘ब’मध्ये कोण पडतं? ज्याला बाकीचं पण येत न्हाई ते. हे बघा, ही पोरगी. ओले कपडे का वाळतात, बरोबर. धुकं कसं होतं, बरोबर. आणि कळशीपाशी येऊन पडली. हिच्या शेजारची पण तशीच. जे बाकी सगळं चढून येतेत ते नेमके इथंच कसे घसरायलेत?”

“बाईंनी तो धडा घेतला नसेल.”

“मग धुकं कुणी घेतलं?” दाजी उठले. “चला, विचारून येऊ.”

मला तशीही त्या शाळेला भेट द्यायची होती. दुसऱ्या दिवशी माझ्या स्कुटीवर मागे बसून दाजी आले. वस्तीच्या वाटेवर खड्डा आला की ते “जपून” न म्हणता “हं” म्हणत होते. शाळेत वैशालीबाई आम्हाला बघून पांढऱ्या पडल्या, त्यांना वाटलं नोटीस हातोहात द्यायला आलो. दाजींनी त्यांना “जयभीम बाई, बसा निवांत” म्हटलं, जमिनीवर मांडी घातली आणि त्या पोरीला पुढे बोलावून चित्र दाखवलं.

“हे काय हाय गं बाळ?”

“माठ हाय की सर.”

दाजी दचकले. “माठ? कळशी न्हाई वाटत?”

पोरीनं चित्र उलटंसुलटं केलं. “कळशी अशी ढेरपोटी असती व्हय? माठच हाय ह्यो. आन थेंब आतलेच हायेत. माठ पाझरतोच की. पाझरला न्हाई तर पाणी गार कसं व्हईल?”

मागून एक पोरगा म्हणाला, “आमच्या आजीनं ताडकळसच्या बाजारातनं आणलेला तर लय पाझरतोय. खाली परात ठिवावी लागती.”

“आणि स्टीलचा पेला असंल तर?” दाजींनी विचारलं.

“स्टील कुठं पाझरतंय सर?” पोरगी हसायलाच लागली. “काय बी इचारायलाव.”

“मग पेल्यावर थेंब येतच न्हाईत म्हण.”

“येतेत की. रसवंतीवर बर्फाच्या पेल्याला येतेत. पण ते हवंतलं पाणी असतंय. बाईंनी दावलंय आमाला.”

वैशालीबाई खाली बघत होत्या. दाजी बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिले. मला हायसं वाटलं होतं. चूक चित्राची आहे, बाईंची नाही, प्रश्न मिटला. परत निघताना मी दाजींना तसं म्हटलंही. पूल ओलांडल्यावर ते म्हणाले, “मेव्हणीबाई, मोठ्या रस्त्यावरच्या शाळेत थांबवा जरा.”

तिथं त्यांनी ज्यांचं उत्तर बरोबर आलं होतं अशा मुलांना बोलावलं. बरोबर उत्तरवाल्यांना दाजींनी बोलावलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. “तुमाला चित्रात काय दिसलं?” एकजण म्हणाला, भांडं. दुसरी म्हणाली, चित्र बघितलंच नाही. “मग उत्तर कसं आलं?” “घरी फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की अशीच ओली होती सर.” आणि ते पाणी हवेतून येतं हे कशावरून? यावर मुलं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी एकजण म्हणाला, “प्लास्टिकमधनं तर यायचं न्हाई. मग राहिलं काय? हवाच.” पुढच्या शाळेतही फ्रिज, त्याच्या पुढच्या शाळेतही फ्रिज.

त्या रात्रीच्या जेवणाला मी अक्काकडेच थांबले. दाजींनी ताटावर बसून सांगितलं, “पहिल्या वर्षी आपल्या ह्या गावांत फ्रिज किती होते? हाताच्या बोटावर. मग दरवर्षी येत गेले. माझी रेघ वर चढत गेली. मी समज मोजतोय असं वाटत होतं. मी घरोघरचे फ्रिज मोजत होतो.”

अक्कानं त्यांना भाकरी वाढली. मी माझ्या पद्धतीनं मार्ग काढला. म्हटलं, “दाजी, वस्तीच्या शाळेपुरता हा सवाल वगळू. तसा शेरा मी लिहिते. बाईंची नोटीस रद्द होईल आणि तुमचा आलेख पण राहील.”

अक्का लगेच म्हणाली, “बरोबर बोलायली ती. एवढ्या वर्षांचं काम हाय तुमचं. साहेब येणारेत, सदरा शिवलाय.”

“आणि बाकीच्यांचं काय?” दाजी म्हणाले. “ज्यांनी बरोबर लिहिलं त्यांना समजलंय, हे तरी कुठं ठरलं? समजलं असंल. मला माहीत न्हाई. ज्या सवालानं ते कळत न्हाई, तो एका शाळेपुरता वाईट आणि बाकीच्यांना चांगला, असा कसा धरू?”

त्यांचं बरोबर होतं, आणि माझा मार्ग जास्त सोयीचा होता.

शिक्षण परिषदेला साहेबांच्या कार्यालयात सगळ्या शाळांचे शिक्षक जमले. साहेबांनी वैशालीबाईंचं नाव घेतलं. त्या उभ्या राहायच्या आत दाजी उभे राहिले.

“साहेब, नोटीस द्यायचीच असली तर ह्या सवालाला द्या.”

“सवालाला?” साहेबांना वाटलं थट्टा आहे. शिक्षक हसले.

“हो. आणि हा मी काढलाय, तेव्हा एक प्रत मला पण.” पुन्हा हशा. मग दाजींनी माठाचं सांगितलं, हसू तोवर टिकलं. मग त्यांनी फ्रिजचं सांगितलं. भिंतीवर त्यांचाच आलेख लावलेला होता. त्याच्याकडे बोट न करता, नजरही न वळवता ते बोलत होते. हशा कधी थांबला कळलं नाही.

साहेब म्हणाले, “म्हणजे सर, एवढ्या वर्षांची प्रगती सगळी खोटी?”

“खोटी हाय असं मी म्हणत न्हाई साहेब. ती झाली का न्हाई, हे मला माहीत न्हाई. आणि ह्या सवालावरनं आता कळायचं पण न्हाई.”

सरकारी बैठकीत “मला माहीत नाही” असं शांतपणे म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. वैशालीबाईंना नोटीस निघाली नाही, आणि पुढे त्या कायमही झाल्या. आलेख भिंतीवरून उतरला. निरोपाला जिल्ह्याचे अधिकारी आले नाहीत, भाषण झालं नाही; आम्ही केंद्रातल्या लोकांनी शाल दिली आणि पोह्यांबरोबर चहा घेतला. नवा सदरा मात्र दाजींनी घातला होता.

निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या महिन्यांत त्यांनी नवा सवाल बसवला. त्यात चित्र नाही. शिक्षकांनी मुलांसमोर स्टीलच्या पेल्यात लाल सरबत आणि बर्फ ठेवायचा. थेंब आले की मुलांना बोट लावू द्यायचं, थेंबाचा रंग बघू द्यायचा. मग विचारायचं, हे कुठून आलं, आणि तुला असं का वाटतं? पर्याय नाहीत, मुलं सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. मला तक्ता करताना याचा फार त्रास होतो. वस्तीवरच्या पोरांपुढे, फ्रिज असलेल्या घरातल्या पोरांपुढे, सगळीकडे दाजींनी तो आधी स्वतः करून बघितला. पहिल्या वर्षीचं त्यांनी नोंदवलं आणि घरी बसले. त्याच्याशी ताडून बघायला दुसरं वर्ष लागतं, तिसरं लागतं, आणि ती वर्षं आता त्यांच्या हातात नव्हती.

यंदा दुसऱ्या वर्षीचे पेपर माझ्याकडे आले. निवृत्त माणसाला ते दाखवता येत नाहीत. दाजींना नियम माहीत आहेत, त्यांनी विचारलं नाही. रविवारी ते माझ्याकडे आले, तुरीबद्दल बोलले, माझ्या मुलाच्या नोकरीबद्दल बोलले, चहा घेतला आणि उठले. मी फाटकापर्यंत गेले. मोटारसायकलवर बसून त्यांनी चावी लावली आणि फिरवली नाही.

“गुण नका सांगू,” ते म्हणाले. “पण पोरं काय म्हणालीत?”

मुलांच्या तोंडचं सांगायला कुठलाच नियम आड येत नव्हता. मी म्हटलं, “वस्तीवरच्या एका पोरानं सांगितलंय, गार पेल्याजवळ आल्यावर हवेला घाम फुटला.”

दाजींनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसत राहिले.

“हे बरोबर धरायचं का चूक?” मी विचारलं. मला खरोखरच चौकट भरायची होती.

“त्याला इचारायला पाहिजे, घाम म्हणजे त्याला काय म्हणायचं होतं,” दाजी म्हणाले. मग जरा थांबून, “कुणीतरी जाऊन इचारायला पाहिजे.”

ते गेल्यावर मी तक्ता उघडला. त्या पोराच्या नावापुढची चौकट अजून रिकामी आहे. सोमवारी वस्तीवर जाणार आहे.